कोरडा कागद

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी आधी दारामागे अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद पाहते. आज तो कोरडा होता. आमचं डॅशहंडचं पिल्लू, पाच महिन्यांचं, आखूड पायांचं, दाराशी थरथरत उभं होतं. तसंच उचलून खाली नेलं, तर कुंपणाजवळच्या मातीत कितीतरी वेळ मोकळं होत राहिलं. दिवसभर दाबून धरलं होतं त्याने.

वर आल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "शहाणं झालं हो तुमचं पिल्लू. आता तर रडतही नाही."

पहिल्या आठवड्यात ते इतकं रडायचं, की लिफ्टमधून उतरतानाही ऐकू यायचं. परवाच मी मैत्रिणीला सांगितलं होतं, जमलं बाई एकदाचं. रडून कोणी येत नाही, एवढंच ते शिकलं होतं.

मी दुसरीत असताना माझ्या गळ्यात घराची किल्ली असायची. शाळेतून येऊन कुलूप काढायचं, झाकून ठेवलेली पोळी खायची आणि आई कामावरून येईपर्यंत खिडकीत बसायचं. "शहाणी आहे हो तुमची पोर, अजिबात रडत नाही," असं शेजारणी आईला सांगायच्या. आई खांद्यावरची पर्सही न काढता माझ्याजवळ बसून राहायची. एवढं कौतुक ऐकून हिचा चेहरा का उतरतो, म्हणून मला राग यायचा.

आज माझीही पर्स खांद्यावरच होती. पिल्लाला घेऊन जमिनीवर बसले, तर ते माझा हात चाटत राहिलं. त्याची काही तक्रारच नव्हती.