निर्णयार्थ सादर

साउथहॅम्प्टनच्या घरांत ओल जशी नकळत साचते, तसे किस्से साचतात. आधी कोपऱ्यात एक छोटा डाग दिसतो, आपण कपाट पुढे सरकवतो. वर्षभरानं कपाट हलवावं, तर अख्खी भिंत काळी! माझं लॉच्या फाउंडेशन इयरचं तसंच झालं. पहिला किस्सा घडला तेव्हा मी कोणाला सांगितलाच नाही. आता इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून जेवायला जमतो तेव्हा, लोक प्लेटा हातात घेऊन स्वतःच येतात, "काय भिडे, या महिन्यात काय केलंत?"

तेव्हा कपाट हलवतो.

मी निवृत्त कारकून. आधी एका जिल्हा परिषदेत होतो. मग बायको, शुभदा, नर्स म्हणून इकडे इंग्लंडला आली, तिच्यामागून मी आलो, आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट ऑफिसात निवृत्तीपर्यंत बसलो. परिषदेत असताना मी लिहिलेली टिप्पणी घेऊन वकीलसाहेबांच्या मागे कोर्टात जायचो. ते उभे राहायचे आणि माझीच टिप्पणी वाचायचे. फक्त सुरुवातीला म्हणायचे, "माझं असं म्हणणं आहे." एवढंच वाक्य त्यांचं, बाकी सगळं माझं. काळा कोट मात्र त्या वाक्याला होता! ते वाक्य एकदा आपल्याही तोंडून निघावं, वकील म्हणून, उभं राहून, एवढीच माझी इच्छा. म्हाताऱ्या माणसाची इच्छा इतकी साधी असली की लोक घाबरतात.

* * *

अ‍ॅडमिशनच्या बाईंनी माझी बारावीची मार्कशीट उजेडाकडे धरून पाहिली. मग हळूच, आजाऱ्याशी बोलतात तशा सुरात म्हणाल्या, "हे फारच जुनं आहे. तुम्ही आधी फाउंडेशन इयर करा. सगळे विषय सुटले तर पुढे खरं एलएलबी. नाही सुटले, तर..." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

पॉटलकला डॉक्टर नाडकर्णींनी ही बातमी ऐकली. गृहस्थ हाडांचे डॉक्टर आहेत, बोलतातही तसंच.

"भिडे, फाउंडेशन म्हणजे पाया. या वयात पाया खणलात, तर राहायला कोण जाणार?"

शेजारी शुभदा भात वाढून घेत होती.

"खणू द्या हो," ती म्हणाली, "निदान घराबाहेर खणताहेत."

* * *

पहिल्या दिवशी मी वेळेआधी वर्गात जाऊन बसलो. प्रोजेक्टर बंद होता. मुलं आली, प्रोजेक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या बॅगेकडे. एक उंच मुलगा अदबीनं म्हणाला, "तुम्ही हा दुरुस्त करायला आलात ना?"

मी सवयीनं म्हणालो, "नॉट माय डिपार्टमेंट."

त्याचं पूर्ण समाधान झालं. तो जाऊन जागेवर बसला. सगळ्या वर्गाचं समाधान झालं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही ऑफिसात चालणारं हे एकच वाक्य आहे, आणि मला वाटलं, चला, आपण इथे टिकणार!

या कोर्समध्ये मी काढलेला हा पहिला निष्कर्ष. तोही चुकला.

* * *

अ‍ॅकॅडेमिक स्किल्स नावाचा विषय होता. तो शिकवायला हेलन मॅडम. "नुसतं हेलन म्हणा," असं त्यांनी बजावलं होतं. मी म्हटलं, "येस, हेलन मॅडम." त्यांनी नाद सोडला.

पहिला निबंध होता, घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेली वचनं कोर्टात चालावीत का. मी जीव ओतून लिहिला. चालावीत, त्याची कारणं. चालू नयेत, त्याची कारणं. संदर्भ, तळटीपा, समास सोडलेला. शेवटी, हात आपोआप चालला म्हणा, एक ओळ लिहिली, "सबमिटेड फॉर ऑर्डर्स, प्लीज." निर्णयार्थ सादर!

पास व्हायला चाळीस मार्क लागतात. मला तिशीही गाठता आली नाही. त्या ओळीखाली मॅडमनी लिहिलं होतं, "कोणाच्या ऑर्डर्स?"

भेटायला गेलो.

"मिस्टर भिडे, यात तुमचं मत कुठे आहे?"

"मॅडम, ते तुम्ही द्यायचं."

"मी?"

"म्हणजे... तुम्ही वर आहात."

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर पार्किंग होतं. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

* * *

आता यात माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. (बघा, पुन्हा तेच!)

नोकरीला लागल्यावर एका फाइलवर मी उत्साहानं लिहिलं होतं, "माझ्या मते हा पूल आधी दुरुस्त करावा." साहेबांनी "माझ्या मते"भोवती लाल गोल काढून मला बोलावलं.

"भिडे, तुमचं मत कोणी विचारलं?"

"कोणी नाही, साहेब."

"मग ते आलं कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. तेव्हापासून माझ्याकडे ते आलंच नाही. पुढे हॉस्पिटलातही पेशंट विचारायचे, "ऑपरेशन करून घेऊ का?" मी म्हणायचो, "मंगळवार चालेल का?" घरी शुभदा विचारते, "आज भाजी कोणती करू?" मी म्हणतो, "भेंडी आहे, वांगंही आहे." ती म्हणते, "ते मला दिसतंय. मीच आणलीय."

* * *

दुसऱ्या निबंधाच्या वेळी मला चौकशीला बोलावलं. मी घाबरून टाय लावून गेलो. समोर दोघं जण होते. निबंध कॉम्प्युटरनं लिहिलाय, असा त्यांना संशय होता.

"सगळं गुळगुळीत आहे," त्यातले एक म्हणाले. "एकीकडे असं, दुसरीकडे तसं. कुठेही राग नाही, लोभ नाही. माणूस असं लिहीत नाही."

मी म्हटलं, "कारकून लिहितो."

त्यांना पटेना. त्यांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले, इथेच आमच्यासमोर एक परिच्छेद लिहा, विषय पाऊस. मी लिहिलं, पावसाचे फायदे अनेक आहेत. तथापि, तोटेही दुर्लक्षून चालणार नाही. उपरोक्त बाबी विचारात घेता, योग्य तो निर्णय घेणे इष्ट ठरेल.

दोघांनी तो कागद वाचला. एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

पहिला म्हणाला, "खरंच यांनीच लिहिलंय."

दुसरा खिन्नपणे म्हणाला, "हो. आणि हे जास्त वाईट आहे."

निर्दोष सुटल्याचं एवढं दुःख त्या विद्यापीठात कोणालाच झालं नसेल.

* * *

वर्गात ईशा नावाची मराठी मुलगी होती. आईवडील दोघं डॉक्टर. हिनं मेडिसिनला नकार दिल्यापासून त्यांच्या घरी अघोषित सुतक आहे. ईशाकडे मतांची कमतरता नव्हती. वाचन तेवढं नव्हतं. बसस्टॉपवर एकदा तिनं माझी शिकवणी घेतली.

"काका, तुमचा प्रॉब्लेम माहितीये काय आहे? यू डोन्ट पिक अ साइड. आपण प्रॅक्टिस करू. ही बस चांगली की वाईट?"

बस नुकतीच आली होती. आम्ही चढलो.

"वेळेवर आली तर चांगली."

"काका, 'तर' नको!"

"बरं. ज्यांना जवळ पडते, त्यांना चांगली."

"नो! तुम्हाला! तुम्हाला कशी वाटते?"

"तुला कशी वाटते?"

"हॉरिबल! खिडकीच उघडत नाही."

"मग तू म्हणतेस तर वाईट."

तिनं हूडी डोळ्यांपर्यंत ओढली.

पुढे आम्हाला दोघांना मिळून एक प्रेझेंटेशन करायचं होतं. मतं तिची, संदर्भ माझे. हेलन मॅडमनी शेरा दिला, "या दोघांना एकत्र शिवलं, तर एक चांगला विद्यार्थी होईल." ईशानं त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "स्टिचिंग इज सर्जरी. स्टिल टाइम, बेटा."

* * *

सर्वांत वाईट दिवस अभिरूप न्यायालयाचा. मुलं वकील होतात, एक जण न्यायाधीश होतो, आणि खोटा खटला चालतो. वकील व्हायला मिळेल म्हणून मी आदल्या दिवशी काळ्या कोटाला इस्त्री केली. तर मॅडमनी मला न्यायाधीशच केलं! केस पांढरे म्हणून. शिवाय, "आता तुम्हाला पळता येणार नाही," असंही म्हणाल्या.

खटला असा. एका आजीनं नातवाला वचन दिलं की सिगरेट सोडलीस तर माझी गाडी तुझी. त्यानं सोडली. आजी म्हणाली, मी गंमत केली. नातवाकडून ईशा, आजीकडून प्रोजेक्टरवाला उंच मुलगा. ईशा तर अशी भांडली की त्या नसलेल्या आजीची मला दया आली. मग उंच मुलगा बोलला, आणि नातवाची आली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तास संपत आला होता. मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. या निकालाला मार्क होते.

मी घसा साफ केला. म्हणालो, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे."

वर्गातल्या सगळ्या माना मॅडमकडे वळल्या.

"कधीपर्यंत?" मॅडमनी विचारलं.

"यथावकाश," मी म्हणालो.

ईशानं कपाळ टेबलावर टेकवलं. मॅडमनी पेनचं टोपण लावलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

* * *

व्हायचं तेच झालं. बाकीचे विषय सुटले, अ‍ॅकॅडेमिक स्किल्स राहिला. शेवटची संधी म्हणून तोंडी परीक्षा होती. त्याच निबंधावर, घरातल्या वचनांच्या. ती गेली की मी गेलो. एलएलबी नाही, कोट नाही, ते वाक्य नाही. पुन्हा भेंडी आहे, वांगंही आहे.

शुभदा सोबत आली. म्हणाली, "तुम्ही खोलीसुद्धा ठरवू शकणार नाही." ती बाहेर बाकावर बसली.

आत हेलन मॅडम आणि एक टक्कल पडलेले परीक्षक होते. अर्धा वेळ मी नेहमीसारखाच बोललो. एकीकडे असं, तथापि तसं. टक्कलवाल्यांनी एकदा जांभई दाबली, नंतर दाबलीही नाही. मला कळत होतं, पाणी डोक्यावरून चाललंय. पण तोंडातून दुसरं काही निघेचना.

मॅडमनी माझा निबंध मिटला आणि माझ्यासमोर सरकवला.

"मिस्टर भिडे, शेवटचा प्रश्न. मला दोन बाजू नकोत. हा निबंध तुम्ही वाचलाय, आम्हीही वाचलाय. हा पास व्हावा की नापास?"

मी त्या निबंधाकडे पाहिलं. किती नीटनेटका होता! समास सोडलेला. तळटीपा ओळीत. आणि आत माणूस नाही.

का कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. कोटाचं बटण लावलं.

"माझं असं म्हणणं आहे," मी म्हणालो, "की हा निबंध नापास व्हावा."

टक्कलवाले सरळ बसले.

मग मी बोलत सुटलो. म्हटलं, यात लेखक प्रत्येक वाक्यामागे लपलाय. घरातलं वचन कोर्टात चालावं, हे त्याला पहिल्या पानापासून माहीत होतं, आणि पुढे आजीनं गाडी द्यावी, हेही. त्यानं ते लिहिलं नाही, कारण तो भ्यायला. भित्र्या माणसाला वकील करू नये. एकाही वाक्यात 'तथापि' नव्हतं. माझा मलाच आवाज ओळखू येईना.

बोलणं संपलं, तरी मी उभाच होतो. मॅडमनी त्या टक्कलवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग मॅडमनी पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच हसल्या.

"मिस्टर भिडे," त्या म्हणाल्या, "आय डिसअ‍ॅग्री."

बाहेर आलो. शुभदा बाकावरून उठली.

"काय झालं?"

"मत दिलं."

"अगंबाई! आणि?"

"फेटाळलं."

"म्हणजे घरच्यासारखंच झालं की," ती म्हणाली, आणि माझ्या कोटाचं बटण सोडलं.