डब्यावर लिहिलेलं तीन

माझी वहिनी घरात पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. जेवताना मधेच उठते, फोनवर बोलताना कपाट लावते. दादा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण हीच बाई प्रयोगशाळेत दोन-दोन तास हाताला जराही कंप न येऊ देता बसते. एकोणीस वर्षं ती तिथे कूर्चेच्या पेशी वाढवते.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर. ते झिजलं की आपलं आपण भरून येत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाई एक प्रयोग करताहेत. गुडघ्याच्या धड कोपऱ्यातून चिमूटभर तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी चपट्या प्लॅस्टिकच्या डब्यांत वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी परत सोडायच्या. पण या पेशी भारी नखरेल. डब्यात गर्दी झाली की त्यांना सोडवून नव्या डब्यांत घालावं लागतं, आणि अशा प्रत्येक फेऱ्यात त्या वाढतात खऱ्या, पण कूर्चा बनवायचं विसरत जातात. म्हणून तीन फेरे, बस्स. चौथ्यानंतर त्यांचा उपयोग शून्य.

आता माझं सांगते. मी टपाल वाटते. बावीस वर्षं पायपीट केली आणि उजव्या गुडघ्याचं पार वाटोळं झालं. साहेब म्हणाले, आत बसून पत्रं लावा. मी? दिवसभर चार भिंतींत? डोकं फिरेल माझं! त्यामुळे या प्रयोगात नंबर लागला तेव्हा मी फक्त नाचायची बाकी होते. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली.

डब्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि कितवा फेरा तो आकडा असतो. पण माझा तुकडा कधी काढला ते वहिनीला पाठ होतं, तेव्हा माझे डबे कुठले ते तिला कळलंच. आणि माझ्या पेशी माझ्यासारख्याच हट्टी, वाढता वाढेनात. वहिनीच्या जिवाला घोर. रविवारी सुट्टी असून ती बघायला गेली, तर डबे भरलेले! तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे त्या पेशी नव्या डब्यांत घातल्या आणि जुन्या डब्यावरचा आकडा जसाच्या तसा नव्यावर उतरवला. तीन.

तो चार असायला हवा होता.

सोमवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. "मोजणीत पेशी पुरेशा आहेत. कुणाला संशय येणार नाही. पण तुझा गुडघा भरायचा नाही गं. उद्या बाईंना सांगून टाकते."

"अगदीच नाही?"

"मला तरी वाटत नाही."

"वाटत नाही म्हणजे खात्री नाही ना? मग तोंडातून अक्षर काढू नकोस. यादीतून काढतील मला. माझी शपथ आहे तुला!"

हो, म्हटलं मी असं. उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू?

मंगळवारचा दिवस कसा गेला विचारू नका. वहिनीने घासलेली भांडी परत घासली. दादाने विचारलं, तुमचं दोघींचं बिनसलंय का? आम्ही एका सुरात नाही म्हणालो. मी दोन घरची पत्रं चुकीच्या दारात टाकली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनी समोर आली की मी खोलीबाहेर जायची.

बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमची शस्त्रक्रिया रद्द करावी लागतेय. पेशी वाया गेल्या. तुमच्या वहिनींनी आज स्वतःहून सांगितलं. पण चूक रविवारची, दोन दिवस गप्प का बसल्या? चूक कुणाचीही होते, लपवाछपवी मी खपवून घेत नाही. त्यांना पेशींच्या खोलीतून काढतेय मी. तुमचा तुकडा आपण सहा महिन्यांनी परत घेऊ, काळजी करू नका. बरं, घरी तुम्हाला काही बोलल्या होत्या?"

"नाही," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मला स्वतःची शिसारी आली.

घरी आले तर वहिनी खुर्चीत बसलेली. नुसती बसलेली, हात मांडीवर. मी भांडायचं ठरवून आले होते, शपथ मोडलीस म्हणून. तिला तसं पाहिलं आणि भांडण तिथेच विसरले.

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुझा नंबर राहिला ना? झालं तर मग," ती म्हणाली. "उद्यापासून मी बाटल्या धुणार. तेही काम कुणीतरी करायला हवंच की."

मी तशीच फोन उचलला. वहिनी हिसकावून घ्यायला धावली. मी तिच्याकडे पाठ फिरवली.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोलले. मला सोमवारीच माहीत होतं. ती सांगायला निघाली होती, मीच शपथ घालून तिचं तोंड बंद केलं."

मग त्या म्हणाल्या, "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मी तुम्हाला परत घेऊ शकणार नाही."

"कळतोय. तिला तिच्या खोलीत परत घेता येईल का, तेवढं सांगा."