धुऱ्यावरचा आवळा

वांगं चिरून आत पाहिल्याशिवाय भाजीत टाकायचं नाही, हे वऱ्हाडात कोणीही सांगेल. आमचे काकाजी मात्र पेढाही फोडून पाहत. पंगतीला बसले, की पानात पडलेल्या वड्याचे आधी दोन भाग करायचे आणि उजेडाकडे धरून तपासायचे. वाढणाऱ्याचं तोंड उतरायचं, काकूला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. "आत पाह्यल्याबिगर दुनियेत काई खरं नाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी अमरावतीहून नेलेल्या गोळ्यासुद्धा ते दर्यापूरच्या मेडिकलवाल्याला दाखवून मगच घेत. मी सख्खी पुतणी, तरी माझी ही गत!

भरोसा होता तो एकाच माणसावर, शेजारच्या शेताच्या वामनरावांवर. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी तरुणपणी मिळून एक आवळा लावला होता. दर कार्तिकात आवळीनवमीला दोन्ही घरं त्या झाडाखाली जेवायची. वामनरावांच्या घरचा वडा काकाजी न फोडता खात. लहानपणी आम्हाला त्याचं फार नवल वाटायचं.

मग एका पावसाळ्यात आवळ्याचे शेंडे सुजायला लागले. कोवळ्या फांदीच्या टोकाला बोराएवढा फुगवटा यायचा आणि तिथून पुढं वाढ बंद. काकाजी झाडाभोवती फिरले, नजर वामनरावांच्या सोयाबीनकडे गेली आणि निकाल लागला. "वामन्यानं तणनाशक मारलं. झाड वाळलं की धुरा सरकवाले मोकळा!"

"अहो, इचारा तरी त्यायले," काकू म्हणाली.

"इचारल्यावर चोर सांगते काय?"

त्या नवमीला झाडाखाली कोणीच जेवलं नाही. वामनराव धुऱ्यापर्यंत आले, काकाजींनी पाठ फिरवली, ते परत गेले. पुढच्या पावसाळ्यात फुगवटे आणखी वाढले, आणि काकाजींचा संशयही. वामनरावांच्या पाठीवरचा फवारणीचा पंप दिसला, की हे वास घेत धुऱ्यावर उभे. त्यांनी दोरी आणून बांध मोजला, तो जागच्या जागी होता. "अजून सरकवला नाई," एवढंच म्हणाले. खरं सांगते, हळूहळू मलाही वामनरावांच्या नमस्कारात काहीतरी खोट दिसायला लागली होती.

नवमीच्या तोंडावर काकू पूजेसाठी आवळ्याची डहाळी आणायला गेली. डहाळी सुजलेली निघाली. ती टाकून देण्याआधी तिनं सहज फुगवटा नखानं उकलला. आत पोकळी होती, आणि पोकळीत काळसर अळी वळवळत होती. तिनं ती डहाळी तशीच घरी आणून काकाजींच्या पुढ्यात ठेवली. "सारं फोडून पायता, हे कावून नाई पाह्यलं?"

काकाजींनी वाकून अळी पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, अळी कोणी सोडली? तोंड उघडलंही होतं. पण मिटलं. डहाळी उचलून ते तसेच अनवाणी वामनरावांच्या घरी निघाले. मी मागोमाग. वामनरावांनी चष्मा लावला, आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "दोन वर्सं लागले तुले आत पाहाले?"

काकाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सगळे सुजलेले शेंडे छाटले आणि जाळले. राख वामनरावांनी काकाजींना मुद्दाम दोनदा दाखवली. त्या नवमीला पुन्हा पंगत बसली.

मागच्या उन्हाळ्यात काकाजी अकोल्याच्या दवाखान्यात वारले. शेवटच्या दिवसांत त्यांना सलाइनवरही संशय होता, आणि बाटली उघडता येत नाही याचा रागही. वामनराव आले की मात्र ते मुकाट्यानं डोळे मिटून पडायचे.

यंदा नवमीला झाडाला नवे शेंडे फुटले होते. मी सवयीनं एक-दोन वाकवून निरखले. काकूनं काकाजींच्या नावाचं पान मांडलं. वामनरावांनी आपल्या घरून आणलेला वडा उचलला, दोन भाग केले, उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि मग पानावर ठेवला.

काकू म्हणाली, "तुमच्या घरचा ते फोडत नव्हते, भाऊजी."

"मधात दोन वर्सं फोडला असता त्यानं," वामनराव म्हणाले. मग त्यांनी दुसरा वडा घेतला आणि तो अख्खाच पानावर ठेवला.