म्हशीच्या पोटातला कागद

सिल्लोडजवळ आमची सामाईक शेती आहे. पती गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या नावावर झाला; पण मी छत्रपती संभाजीनगरात शिक्षिका, त्यामुळे शेती दीरच बघतात. आधी दोन एकरच मिरची असायची. भाव चांगला मिळाला तसं त्यांनी मका, ज्वारी मोडून सगळीकडं मिरचीच लावली, मल्चिंगवर. म्हणजे गादीवाफ्यावर चंदेरी प्लास्टिकचा कागद अंथरायचा. तण उगवत नाही, पाणी कमी लागतं. पैसा आला, तो मीही घेतला. ‘आम्ही पाणी वाचवतो,’ असं वर्गात मुलांना अभिमानानं सांगितलं. हंगाम संपल्यावर त्या फाटक्या कागदाचं काय होतं, हे मात्र कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी शेतावर गेले, तर बांधापलीकडं गर्दी होती. तिथं राहणारी बाई, जिला सगळे खाला म्हणतात, दोन म्हशींवर घर चालवायची. आमच्या घरचा चहा वर्षानुवर्षं तिच्याच दुधाचा. तिच्या गाभण म्हशीनं आठ दिवस चारा सोडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी डाव्या कुशीला चीर देऊन कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक बोळा बाहेर ओढायला लागले. प्लास्टिक. काही तुकड्यांवर चंदेरी चमक अजून तशीच होती. म्हैस संध्याकाळपर्यंत टिकली नाही.

घरी दीर जेवत होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “भावजी, तो कागद आपला आहे.”

“आपलाच कशावरून? साऱ्या गावात मल्चिंग हाय, वहिनी.”

“ओढ्यातला ढीग आपला आहे. मी आत्ता बघून आले.”

“मंग काय घरात ठिवू? मजूर लावून उचलायचा तर मिरची परवडायची नाय. आन् तिनं म्हैस बांधून ठिवायची ना!”

त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. परवडत नाही म्हणे! परवडत होतं, कारण उरलेला खर्च ती म्हैस सोसत होती.

पुढचे दोन रविवार तीन बायकांना सोबत घेऊन मी ओढ्यातून कागद उपसला. कागद विकणाऱ्या दुकानात पोती घेऊन गेले. दुकानदार हसला. “मॅडम, विकणं आमचं काम. वापस घ्यायची सोय नाय.” भंगारवाल्यानं माती लागलीय म्हणून हात लावला नाही. पोती आजही आमच्या गोठ्यात पडून आहेत.

माझ्या हिश्श्यात कागद अंथरायचा नाही, असं मी दिरांना बजावलं. ते महिनाभर बोलले नाहीत. मग तिथं मका पेरला. उत्पन्न घटलं, जावेनं ते चारचौघांत ऐकवलं. स्वतःच्या हिश्श्यात त्यांनी पुन्हा कागदच टाकला.

म्हैस गेल्यावर, दिरांकडून भरपाई घेण्याचा विषय काढायला मी खालाकडं गेले होते. तिनं पाणी दिलं, बसायला गोणपाट दिलं.

“तुमी चांगल्या हाव, बाई,” ती म्हणाली. “पन तुमी सांजच्या गाडीनं शहरात जाता. मला रोज तुमच्या दिराच्या बांधावरूनच जायाचंय. राहू द्या.”

दुसरी म्हैसही तिनं नंतर विकून टाकली. आता ती दिरांच्या शेतात मिरची तोडायला जाते, त्याच कागदावरची.