न वाचता बटण दाबलं त्यानं, माहेर हुकलं माझ्या सुनेचं

बायांनो, आज माझं डोकं लय फिरलंय.

सुनेच्या धाकट्या बहिणीचं आज कडेगावला माहेरी डोहाळजेवण. सून नटून निघाली, रिक्षा दारात, तेवढ्यात ऑफिसचा फोन. रिक्षा परत धाडली आणि भरजरी साडीतच लॅपटॉप घेऊन बसली.

मी इचारलं, "आता काय जळलं गं?"

"आत्या, दवाखान्याचे मेसेज धाडणाऱ्या प्रोग्राममधली एकच ओळ मीबी बदलली, ऑफिसातल्या दुसऱ्या एकानंबी बदलली. मशीन दोन्ही दाखवतं. वर एकाचं, मधी खुणांची रेघ, खाली दुसऱ्याचं. वाचून बरोबर ते ठेवायचं. त्यानं न वाचताच बटण दाबून दोन्ही ठेवलं. आता पेशंटांना तपासणीच्या दोन-दोन वेळांचे मेसेज गेलेत."

"मग त्यानंच निस्तरावं की!"

"तो सुट्टीवर गेला."

आवं, आमी जावा एका चुलीवर रांधायचो. आमटीत मीठ घालायच्या आदी चव बघायचो, दुसरीनं घातलं असंल म्हणून. एवढंबी कळंना का त्याला?

तिकडं बहिणीची ओटी भरून झाली. फोटो आला तवा सून रडली, डोळं पुसून परत ओळी वाचाय लागली. बहिणीच्या ओटीसाठी घेतलेली हिरवी साडी पिशवीतच हाय.

दाबणारा सुट्टीवर आणि वाचणारी कामावर. तुमच्याकडंबी असंच हाय का?