आयरिश मंडळींचा खो-खो

इथे परदेशात, आमच्या बेडोक भागातल्या मैदानावर गवत कापलं की त्या ओल्या वासासरशी मला एक शनिवार आठवतो आणि अजूनही जळफळाट होतो. ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याने मला हर्लिंग या त्यांच्या पारंपरिक खेळाचा सराव बघायला बोलावलं होतं. बायका-पुरुष लाकडी काठ्या घेऊन चेंडूमागे धावत होते, काठीवर काठी आपटत होती, सगळे घामाने निथळत होते. "संध्याकाळी रग्बी बघायला ये, तिथेही हीच माणसं असतात," तो म्हणाला. यांना दोन्हींची तेवढीच ओढ, आणि आमच्या मराठी ग्रुपवर क्रिकेटशिवाय विषय नाही, हे मला बघवेना. "तुमच्या गावाकडचा खेळ कोणता?" त्याने विचारलं. मी शाळेत खो-खो खेळायचो. ईर्ष्येने मी आठ जणांना गवतावर एका ओळीत, एकाआड एक उलट तोंडं करून बसवलं आणि पाठीवर थाप मारून खो द्यायला शिकवलं. ते हसत हसत पटकन शिकले. घरी येऊन मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, पुढच्या शनिवारी खो-खो खेळू या. एकाने नुसता अंगठा पाठवला, दुसऱ्याने गुडघ्याचं कारण सांगितलं, तिसरा म्हणाला, "अरे, त्या दिवशी मॅच आहे ना." शनिवारी मी एकटाच गेलो. आयरिश मंडळी हर्लिंगआधी खो-खो खेळत होती आणि ओळीतल्या आठही जागा भरलेल्या होत्या. परवा त्याच वाटेने जाताना मैदानातून "खो" ऐकू आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.