एकेचाळीस नंबर आणि दुसरा टॉवेल

जिन्यात भांडण चाललं होतं. भांडणारे दोघंही शिकलेले, त्यामुळे आवाज हळू आणि शब्द धारदार. खालच्या वळणावर पेटीवाली मावशी रिकामी पेटी हातात धरून उभी. वर जावं तर मध्येच कडमडल्यासारखं, खाली जावं तर पुढचं ऐकायचं राहील. ती आपली उभीच राहिली.

"पाच तुकडे कापून दिले होते मी," सर्जन म्हणत होते. "त्यातले चार मेले! पेटीत गारवाच नव्हता म्हणे. आता औषधं तपासणार कशावर, माझ्या डोक्यावर?"

"एक जगलाय," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या.

"त्या एकाचे शंभर व्हायला तीन महिने लागतील. त्या माणसाकडे आहेत तीन महिने?"

"नसतील. पण एकेचाळीस नंबर जगलाय, आणि मी त्याला टाकणार नाही."

एकेचाळीस नंबर म्हणजे मावशीचा नवरा. म्हणजे त्याच्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा. आणि ती पेटी आणली होती मावशीनेच.

मावशीचं काम सांगायला सोपं होतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं. आतून नळी आली की पेटीत ठेवायची, रस्ता ओलांडायचा, समोरच्या इमारतीचे तीन मजले चढायचे आणि वीस मिनिटांत प्रयोगशाळेत द्यायची. नळीत गुलाबी पाणी, पाण्यात गाठीचे हरभऱ्याएवढे तुकडे, जिवंत. पेटीत खाली बर्फ. बर्फाला नळी चिकटली तर तुकडे गोठून मरतात, ऊब लागली तर सडून मरतात. म्हणून मध्ये एकाच टॉवेलची एकच घडी. सगळं शास्त्र त्या घडीत होतं, आणि त्या घडीपुरती मावशी कुठल्याही डॉक्टरला हार जाणारी नव्हती.

वर बाई ते तुकडे बारीक करायच्या, छोट्या ताटल्यांत जेलीच्या थेंबात ठेवून उबदार कपाटात वाढवायच्या. मग त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचं. पोटाच्या, आतड्याच्या ज्या गाठी कशालाच दाद देत नाहीत, त्यांच्यासाठीची औषधं. अख्ख्या शरीराला झोडपणारी नव्हेत, गाठीच्या नेमक्या वर्मावर घाव घालणारी. वर्म एकेका गाठीचं निराळं, म्हणून हा सगळा खटाटोप.

नवरा पाट्या रंगवायचा. माणूस काडीसारखा आणि थंडीला कमालीचा भिणारा. भर उन्हात स्वेटर, पंख्याशी तर उभं वैर. एकदा मावशीने पेटी घरी धुवायला आणली, तर तिच्यावर लाल रंगात, अक्षरांना सावल्याबिवल्या देऊन, त्याने लिहून टाकलं: हळू चाला, आत जीव आहे.

"अहो, ही दवाखान्याची पेटी आहे, तुमच्या गिऱ्हाइकाचं दुकान नव्हे!"

"वाचता येतंय ना सगळ्यांना? तुला सोडून."

"तेवढं येतं मला," मावशी फणकारली, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवलं. त्याला तेच हवं होतं.

पुढे त्याच्याच आतड्यात गाठ निघाली. औषधं झाली, थोडी आकसली, मग पुन्हा फोफावली. ऑपरेशनच्या दिवशी सगळे म्हणाले, आज पेटी दुसरं कुणी नेईल. मावशी म्हणाली, "माझ्या घरचं आहे, मीच नेणार."

दारातून नळी हातात आली. गार होती. बस, तेवढंच झालं. मावशीने कपाटातून दुसरा टॉवेल ओढला आणि नळीच्या गळ्याभोवती मफलरसारखा गुंडाळला, वर गाठही मारली. त्याला थंडी सोसत नाही, एवढंच तिच्या हाताला ठाऊक होतं. आणि मग पेटीवर लिहिलं होतं तशी ती हळू चालत गेली.

जिन्यातलं ऐकलं तेव्हा तिला तो दुसरा टॉवेल आठवला. दहा आठवड्यांनी नवरा गेला. जाण्याआधी विचारलं होतं त्याने, "अगं, माझ्या तुकड्याचं काय झालं?"

"जगलाय."

"बघ, माझ्यापेक्षा चिवट निघाला."

टॉवेलचं तिने त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आठ वर्षं एकेचाळीस नंबर वाढत राहिला. नवं औषध आलं की बाई आधी त्याच्यावर घालायच्या आणि मान हलवत बाहेर यायच्या. "तुमचे मालक ऐकत नाहीत हो, मावशी."

"जिवंतपणी तरी कुठं कुणाचं ऐकलं?"

हसून झालं की मावशी काचेपाशी जायची. आत जायची मनाई होती. बाहेरचे जंतू लागले तर सगळंच नासायचं. काचेपलीकडे उबदार कपाट, त्यावर लाल आकडा, सदतीस. घरी खुंटीवर स्वेटर होता, डब्यात ब्रश होते, पण ऊब होती ती इथे. ज्याने त्याला खाल्लं, तेच त्याचं म्हणून उरलेलं. औषध लागू पडावं असं तिला वाटायचं, आणि लागू पडलं नाही की बरंही वाटायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

निवृत्तीच्या आठवड्यात आणखी एक औषध आलं. पाच दिवस ठेवलं. शेवटच्या दिवशी दुपारी बाईंनी तिला पडद्यावरचं चित्र दाखवलं. एरवी द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोळे आज नुसता काळा चुरा होते.

"ऐकलं त्यांनी," बाई हळूच म्हणाल्या. "आता माणसांवर चाचणी होईल. ज्यांच्या गाठीत हेच वर्म आहे, त्यांच्यावर."

मावशी चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी दुसरा टॉवेल मी घातला होता."

"माहीत आहे मला. पेटी मीच उघडली होती. गाठ सुटेना, कात्रीने कापावी लागली."

"आणि आठ वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"ते चार जगले असते, तर आमचे हे..."

"मावशी, हे औषध बनून दोनच वर्षं झालीत. तेव्हा जी होती ती सगळी मी नंतर एकेचाळीसवर घालून पाहिली. एकही चाललं नाही. रोज येऊन विचारायचात की तुम्ही!"

विचारायची खरी. पण त्या नकारांचा आणि टॉवेलचा संबंध तिने कधी जोडलाच नव्हता. छातीवरचा धोंडा उतरला, आणि मग कळलं की त्या धोंड्याला धरूनच ती इतकी वर्षं नवऱ्याजवळ बसली होती. आता नुसतीच त्याची आठवण आली, स्वेटरसकट.

"सगळे मेले?"

"या ताटल्यांतले सगळे. थोडे गोठवून ठेवलेत, पुढे लागले तर."

"गोठवून," मावशी म्हणाली. "बोंब मारत असतील."

दोघी हसल्या आणि दोघींनी डोळे पुसले.

संध्याकाळी वापरलेल्या ताटल्या लाल पिशवीत भरून ऑटोक्लेव्हला न्यायच्या असत. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा मोठा कुकर. पिशवीला बाईंनी स्वतःच हात घातला.

"राहू दे, आज मी नेते."

"का? माझी ड्यूटी संपायला पाऊण तास आहे अजून."

मावशीने पिशवी बादलीत ठेवली, झाकण लावलं आणि निघाली. वाटेत कुणीतरी ओरडलं, "मावशी, आज तरी भरभर चाला! खाली तुमच्यासाठी केक आणलाय."

"केक काय पळून जातोय?"

ती हळूच चालली. पिशवी आत ठेवली, दार ओढलं, चाक घट्ट फिरवलं, बटण दाबलं. वहीत वेळ लिहिली, पुढे नंबर लिहिला, आधी चार, मग एक. काटा वर चढेपर्यंत तिथेच थांबायचं असतं. ती थांबली.